वहिनीची डीव्हीची केस आणि साक्षीदार नणंद

घरगुती हिंसाचाराच्या म्हणजे डीव्हीच्या अर्जात नणंदेचं नाव बहुतेक वेळा सामनेवाल्यांच्या, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध अर्ज आहे त्यांच्या यादीत असतं. आधी नवरा, मग सासू-सासरे आणि मग आम्ही. माझं नाव साक्षीदारांच्या यादीत होतं आणि समोर सामनेवाला नंबर एक म्हणून माझा सख्खा मोठा भाऊ होता. नातेवाईकांत अजून त्याच्यावर चर्चा चालते, चालू दे. लिहायचं कारण एवढंच की ओळखीतल्या काही जणींनी विचारलं नक्की सुरुवात कुठून करायची, आणि मोबाईलवर शोधलं की कलमं ढीगभर सापडतात पण कुठल्या टेबलावर काय होतं ते कोणी सांगत नाही. नावं गावं सांगणार नाही, पश्चिम महाराष्ट्रातला ऊसपट्टा, दादा साखर कारखान्यात कायम कामगार, घरी वहिनी, दोन पोरं, आई आणि दोन म्हशी एवढं पुरे.

दादा मारतो हे सगळ्यांना माहीत होतं. भावकीला, शेजाऱ्यांना, आईला, मला पण. सणाला गेलं की वहिनींच्या हातावर काहीतरी दिसायचं आणि कोणी विचारायचं नाही. २०२२ च्या पावसाळ्यात एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला, वहिनी दूध घालायला डेअरीवर आलेल्या आणि तिथल्या पोराच्या मोबाईलवरून बोलत होत्या, कारण त्यांचा मोबाईल दादाने काढून घेतलेला. "ताई, मान वळत नाहीये आणि एका कानानं ऐकू येईना," एवढंच म्हणल्या. मी एसटी पकडली.

पहिल्यांदा ग्रामीण रुग्णालयात गेलो. डॉक्टर तरुण होते, बहुतेक बॉण्डवरचे. कसं लागलं विचारलं तर वहिनी म्हणल्या "पडले", आणि त्यांनी केसपेपरवर लिहूनही टाकलं, पडल्याने. मी म्हणलं वहिनी डॉक्टरांना खरं सांगा, आत्ता नाही सांगितलं तर नंतर कोणी ऐकणार नाही. बराच वेळ गप्प बसून मग त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी तो शब्द एका रेघेने खोडला, वर लिहिलं "पतीने मारहाण केल्याचे सांगते", शेजारी बारीक सही आणि तारीख टाकली आणि एमएलसी केली, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद. ती बारीक सही पुढे किती कामाला आली ते खाली येईलच. कोणी दवाखान्यात जाणार असेल तर एवढं करा, हिस्टरी म्हणून जे लिहितात ते वाचून बघा आणि कागदाचा फोटो तिथल्या तिथे काढा.

पोलीस स्टेशनबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहितीये. "नवरा-बायकोचं आहे, दोघांना बसवून समजावतो." शेवटी ३२३, ५०४, ५०६ (मारहाण, अपमान, धमकी) खाली एनसी लिहिली म्हणजे अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करणार नाहीत. दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर घ्यायलाच पाहिजे असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलंय, पण त्याच निकालात नवरा-बायकोच्या वादात आधी प्राथमिक चौकशीची मुभा ठेवलीये आणि ती मुभा ठाण्यात सगळ्यांना तोंडपाठ असते. डीव्ही कायद्यात असंही आहे की पोलिसांनी बाईला सांगायला हवं, तुला संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, मोफत वकील मिळतो. साहेबांनी नाही सांगितलं. बाहेर पडताना एक लेडीज कॉन्स्टेबल हळूच म्हणाली, मॅडम एनसीची कॉपी सोडू नका आणि संरक्षण अधिकारी बाईंना भेटा.

त्याआधी महिला कक्षात समुपदेशन झालं. दोघांना समोरासमोर बसवलं, वहिनी दादासमोर काय बोलणार, साडीचा पदर बोटाला गुंडाळत बसल्या. दादा रडला (तो चांगला रडतो, लहानपणापासून) आणि शंभरच्या स्टॅम्पवर लिहून दिलं की यापुढे पत्नीवर हात उचलणार नाही. वहिनी नांदायला परत गेल्या. आईने पेढे वाटले. गणपती व्हायच्या आत परत तेच, या वेळी मोठ्या पोरासमोर. एक मात्र झालं, "यापुढे हात उचलणार नाही" याचा अर्थ याआधी उचलला होता, आणि ते त्याने स्वतःच्या सहीने लिहून दिलं होतं. वकील मॅडमनी तो स्टॅम्प बघितला तेव्हा म्हणल्या हा लॅमिनेट नका करू, ओरिजिनल तसाच ठेवा.

आता संरक्षण अधिकारी. पीडब्ल्यूडीव्हीए म्हणजे हाच डीव्ही कायदा, २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला, आणि त्यातलं हे पद मला आधी माहीतच नव्हतं. महिला व बालविकास खात्याकडून असतं. आमच्या बाईंकडे दोन तालुक्यांचा चार्ज, गाडी नाही, खोलीत एक कपाट आणि फॉर्मचे गठ्ठे. कायद्यानुसार त्यांना कोणीही कळवू शकतं, बाईने स्वतःच गेलं पाहिजे असं नाही, शेजारीण, बहीण, नणंद कोणीही, आणि चांगल्या हेतूने माहिती दिली तर देणाऱ्यावर केस पडत नाही. मी लेखी कळवलं आणि पोच घेतली. मग वहिनींना घेऊन गेले आणि डीआयआर भरायला बसलो, डीआयआर म्हणजे घरगुती घटनेचा अहवाल, ठरलेल्या नमुन्यातला.

हा फॉर्म भरायला दुपार गेली. मारहाणीचा रकाना भरला. शिवीगाळ, टोमणे, माहेरचं काढणं तेही भरलं. मग बाईंनी विचारलं लैंगिक, आणि वहिनींनी माझ्याकडे बघितलं. बाई मला म्हणाल्या, ताई तुम्ही जरा चहा घेऊन या. मी टपरीवर मुद्दाम वेळ काढला. त्या रकान्यात काय लिहिलंय ते मी आजपर्यंत वाचलेलं नाही. आल्यावर आर्थिक चाललं होतं. वहिनी म्हणत होत्या, नाही तसा काही पैशाचा त्रास नाही, घरात धान्य असतं. बाईंनी विचारलं म्हशींच्या धारा कोण काढतं? मी. वैरण? मीच. डेअरीला दूध? मीच घालते. बिल? तर दर दहा दिवसांचं बिल दादाच्या खात्यात, कारण डेअरीतला कोड त्याच्या नावावर. बरं मग तुम्हाला गोळी आणायची झाली तर? "मागायचे. दिले तर दिले." बाईंनी लिहायला घेतलं आणि म्हणाल्या, याला आर्थिक हिंसाचार म्हणतात हो, कायद्यात आहे. वहिनींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मार म्हणजे हिंसा हे त्यांना कळत होतं, पण पहाटे साडेचारला उठून काढलेल्या दुधाचे पैसे कधी हातात आले नाहीत हे पण कुठल्या सरकारी कागदात लिहिता येतं, हे त्यांना पटतच नव्हतं. मग त्याच आठवून सांगायला लागल्या, मंगळसूत्र सोसायटीच्या कर्जाला कसं गेलं, माहेरून आलेल्या पाटल्या कुणाकडे आहेत, सगळं.

एफआयआर का नाही केला, ४९८-अ (नवरा-सासरच्यांकडून छळाचं कलम) का नाही टाकलं, हे मला सगळ्यात जास्त विचारलं गेलं. वहिनींना तेव्हा दादाला जेलमध्ये घालायचं नव्हतं. अटक झाली की कारखाना सस्पेंड करणार, मग पोरांना खायला काय. त्यांना मार थांबायला हवा होता, राहायला छप्पर आणि हातात पैसे हवे होते, आणि डीव्हीचा अर्ज नेमका त्यासाठी आहे, मॅजिस्ट्रेटकडे जातो पण त्यात संरक्षण, निवास, खर्च, मुलांचा ताबा, भरपाई असं मागता येतं. (४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय, १ जुलै २०२४ पासून.) दोन्ही एकावेळी करता येतं, एक केलं म्हणून दुसरं बंद होत नाही. पण कोणतं कधी करायचं हे बाईला ठरवू द्या, सोबत गेलेल्यांनी आपला राग तिच्या केसमध्ये काढू नये.

वकील तालुका विधी सेवा समितीकडून मिळाला, बाईला उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. फुकटचा वकील म्हणजे कसातरी असं मला पण भावकीत ऐकवलं गेलं. आमच्या मॅडम चांगल्या निघाल्या, नशीब म्हणा. त्यांनी अर्जात आईला पण सामनेवाली केलं आणि तिथे माझं आणि त्यांचं वाजलं. त्या म्हणाल्या घर तुमच्या आईच्या नावावर आहे, राहण्याचा आदेश मागायचा तर त्यांना पार्टी करावंच लागेल. आईचं म्हणणं उघड होतं, घर माझं, सुनेचा काय संबंध. आधी कोर्टसुद्धा असंच म्हणायची, पण २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने आहुजांच्या केसमध्ये सांगितलं की सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घर पण सामायिक घर ठरू शकतं, सून तिथे खरोखर नांदत असेल तर. आई त्यानंतर माझ्याशी वर्षभर बोलली नाही. "तुला मी याच्यासाठी शिकवली का," हे तिचं शेवटचं वाक्य होतं, आणि खरं सांगू का, शिकवलं तिनेच होतं, स्वतःच्या बांगड्या मोडून.

कायद्यात लिहिलंय पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करावा. प्रयत्न करावा, बरं का. आमची पहिली गाडी नोटिशीवरच अडकली. घरी गेलं की दादा कारखान्यावर, कारखान्यावर गेलं की सुट्टीवर, गळीत हंगाम चालू झाल्यावर तर तीन पाळ्यांचं निमित्तच मिळालं. शेवटी घराच्या दाराला चिकटवून पंचांच्या सह्या घेतल्या तेव्हा साहेब वकिलासकट हजर. मग से म्हणजे लेखी उत्तर द्यायला मुदत. मग परत मुदत. मग जज साहेब रजेवर. मग वकिलांचा संप. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये केसचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते, ते तरी बरं, नाहीतर नुसती तारीख विचारायला एसटीचं तिकीट काढावं लागलं असतं.

अंतरिम पोटगीच्या वेळी मात्र मजा आली. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून (मूळ केस आपल्या नागपूरच्या फॅमिली कोर्टातली) दोन्ही बाजूंनी कमाई, मालमत्ता, देणी सगळं ॲफिडेव्हिटवर द्यावं लागतं. दादाने हातात येणारा पगार दाखवला १२ हजार. मॅडमनी कारखान्याचं पगारपत्रक मागवायचा अर्ज दिला. पगार निघाला ३१ हजाराच्या वर, बाकी पतसंस्थेचे हप्ते, आणि त्यातलं एक कर्ज नोटीस चिकटवल्याच्या पुढच्याच महिन्यात काढलेलं. जज मॅडमनी चष्म्यावरून नुसतं त्याच्या वकिलाकडे बघितलं. वहिनी आणि पोरांना मिळून महिना ९ हजार, मारहाण करायची नाही, घरातून काढायचं नाही, असा अंतरिम आदेश झाला. आदेशाची प्रत दोन्ही पार्टींना फुकट मिळते आणि पोलीस स्टेशनला पण जाते, कलम २४. पोलीस स्टेशनला गेली का ते आम्ही स्वतः जाऊन बघितलं, नव्हती गेली, मग आम्ही दिली आणि आवक नंबर घेतला.

त्याचा उपयोग पुढच्या होळीला झाला. दादा पिऊन आला, आदेशाचा कागद वहिनींच्या अंगावर फेकला आणि परत कानावरच. वहिनींनी ११२ लावला, या वेळी स्वतःच्या मोबाईलवरून. संरक्षण आदेश मोडणं हा कलम ३१ चा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत शिक्षा किंवा २० हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे आता एनसी लिहून भागत नव्हतं. तोच हवालदार, तेच टेबल, पण या वेळी आवक नंबर असलेला कोर्टाचा कागद होता आणि त्याला एफआयआर लिहावा लागला. आता वहिनीच म्हणाल्या, ताई ४९८ पण टाकू दे. दादा दोन रात्री आत होता. कारखान्याने सस्पेंड बिस्पेंड काही केलं नाही.

त्या दिवसांत दादाच्या मित्रांच्या ग्रुपमधून आमच्या घरच्या ग्रुपवर "बायका कायद्याचा कसा गैरवापर करतात" असले मेसेज यायला लागले. खोट्या केसेस होत नाहीत असं मी म्हणत नाही. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी कोणाकडे तरी मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के निघाल्या आणि ७७ टक्क्यांनी कोणाला सांगितलंसुद्धा नव्हतं. मी ते ग्रुपवर टाकलं. काकांनी अंगठा दिला आणि ग्रुप सोडला.

मग पुरावा. वहिनींचा सरतपास म्हणजे आपल्या बाजूची साक्ष ॲफिडेव्हिटवर होती, उलटतपासाला मॅडमनी इन कॅमेरा म्हणजे बंद दाराआड सुनावणी मागितली, या कायद्यात ते मागता येतं, नाहीतर पूर्ण हॉल भरलेला आणि पुढच्या केसचे लोक मागे उभे राहून ऐकत असतात. समोरच्या वकिलाने केसपेपर काढला. इथे आधी "पडल्याने" लिहिलंय ना? खाडाखोड कोणी केली? नणंदेने सांगितलं म्हणून नवऱ्याचं नाव घेतलंत ना? वहिनी थांबल्या, पाणी मागितलं आणि म्हणल्या, "आधी पडले म्हणलं, कारण रात्री परत त्याच घरी जायचं होतं." जज मॅडमनी हे वाक्य जसंच्या तसं टाइप करायला सांगितलं. डॉक्टर पण साक्षीला आले, तोवर दुसऱ्या जिल्ह्यात बदली झालेली, त्यांनी सांगितलं खोडलेल्याशेजारची सही माझीच, त्याच वेळची, पेशंटने स्वतः सांगितल्यावर केली. विषय संपला.

माझ्या वेळी वकील हसतमुख होता. वडील वारले तेव्हा तुम्ही हक्कसोड पत्र करून दिलं का? नाही. का नाही? मी म्हणलं कोणी मागितलं नाही आणि मला द्यायचं नव्हतं. म्हणजे जमिनीत वाटा पाहिजे? २००५ पासून मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, पाहिजे न पाहिजे चा प्रश्न येतो कुठे. मग म्हणाला, म्हणजे भावाला अडकवून जमीन मिळवायची हा तुमचा डाव आहे, हे खरं आहे का? हॉलमध्ये समोर दादा खाली मान घालून बसलेला आणि बाजूला आई. मी म्हणलं, हे खरं नाही, आणि मार मी डोळ्यांनी बघितलाय, २०१७ च्या दिवाळीत स्वयंपाकघरात, सांडशीने, आणि तेव्हा वहिनींना सोडवायला आई पण मध्ये पडली होती. आई उठून बाहेर गेली. तिला कोणी साक्षीला बोलावलं नाही, ना त्यांनी ना आम्ही. घरी येऊन मी पंखा लावून नुसती पडून राहिले, नवऱ्याने कुकर लावला.

हक्कसोडचा प्रश्न विचारला जाणार हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर मी तिथे भांडलेच असते. माहेरची बाई भावाविरुद्ध उभी राहिली की तिच्या तोंडात जमीन कोंबतात, हे ज्यांना साक्ष द्यायचीये त्यांनी धरूनच चालावं. उत्तर लहान द्यायचं, चिडायचं नाही आणि आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं.

शेवटचा आदेश २०२५ मध्ये झाला. ६० दिवसांचा अर्ज, २०२२ चा. संरक्षण आदेश कायम, वहिनी आणि पोरांना त्याच घरात दोन खोल्या आणि गोठा, दादाने तिकडे पाय ठेवायचा नाही, महिना १२ हजार अर्जाच्या तारखेपासून, आणि भरपाईची एक रक्कम जी वेगळी. आता आदेश झाला म्हणजे पैसे आले असं नसतं, थकबाकीसाठी परत वसुलीचा अर्ज, परत नोटीस, आणि दादा वसुली वॉरंट निघालं की दोन हजार भरून मोकळा व्हायचा. मॅडमनी कलम २०(६) काढलं, त्यात मॅजिस्ट्रेट थेट मालकाला सांगू शकतात की पगारातून कापून बाईला द्या. आदेश घेऊन मी आणि वहिनी कारखान्याच्या टाइम ऑफिसला गेलो. तिथला क्लार्क दादाच्या पंगतीतला, म्हणाला वहिनी कशाला एवढं ताणताय, मी बोलतो त्याच्याशी. वहिनी म्हणल्या, "भाऊजी, तुम्ही बोलू नका, आवकचा शिक्का मारा."

शिक्का मारला त्याने. आता १० तारखेच्या आसपास पैसे वहिनींच्या खात्यात येतात. डेअरीत पण त्यांनी स्वतःच्या नावावर कोड काढून घेतला, त्याला कोर्टाची गरज पडली नाही, नुसता अर्ज आणि बँक पासबुकची झेरॉक्स, म्हणजे हे इतक्या वर्षांत कधीही झालं असतं पण सांगणार कोण. दादाने सेशन्सला अपील केलंय, स्टे मिळालेला नाही त्यामुळे कपात चालू आहे. ४९८ ची चार्जशीट गेलीये, त्यात मला परत साक्षीला बोलावतील, तोच वकील आहे. आईशी मी आता बोलते, फोनवर, म्हशी कशा आहेत, पाऊस झाला का इतपत. ती राहते वहिनींच्या बाजूच्या खोलीत आणि जेवते वहिनींच्याच हातचं. पुढची तारीख दिवाळीच्या सुट्टीनंतरची आहे.